बोरी नदीचा पूल आणि पॅरिसचे सभागृह

सोलापूरहून हैदराबादच्या दिशेने निघालेली वाहने नळदुर्गजवळ बोरी नदी ओलांडतात, तेव्हा प्रवाशांच्या नजरा साहजिकच किल्ल्याच्या तटाकडे वळतात. पावसाळ्यात तर नर-मादी धबधबे पाहण्यासाठी आणि दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळातला पाणीमहाल न्याहाळण्यासाठी तेथे सहकुटुंब गर्दी लोटते. तुळजापूरला आई भवानीचे दर्शन, अक्कलकोटला स्वामींच्या पादुका आणि वाटेत नळदुर्ग, असा अनेक कुटुंबांचा ठरलेला क्रम असतो. पण याच नदीवरच्या पुलावर १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे जे घडले, त्याचा संबंध पॅरिसमध्ये भरणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या बैठकीशी होता, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना अभिवादन होते, शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात. हे सारे योग्यच आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकणारा किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत रात्री जागवणारा तरुण जेव्हा सार्वभौमत्व, मान्यता, स्वयंनिर्णय, हस्तक्षेप, अंतर्गत अधिकारक्षेत्र हे शब्द पाठ करतो, तेव्हा त्याच्यासमोर १६४८ चा वेस्टफालियाचा तह ठेवला जातो, १९३३ चा माँटेव्हिडिओ करार ठेवला जातो. जर्मनीतल्या त्या प्रांताचे नाव त्याला स्पेलिंगसह येते. मात्र या पाचही संकल्पनांची एकाच वेळी कसोटी जेथे लागली, ती भूमी आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. जणू आंतरराष्ट्रीय राजकारण नावाची गोष्ट जिनिव्हा आणि न्यूयॉर्क येथेच घडते, आणि धाराशिवला केवळ तिचे पडसाद पोहोचतात!

वास्तविक हैदराबादचा प्रश्न समजून घ्यायचा, तर प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. निजामाचा स्वातंत्र्याचा दावा कायद्याच्या दृष्टीने अगदीच पोकळ नव्हता. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता संपुष्टात आणली; ती नव्या भारत सरकारकडे सोपवली नाही. इंग्रजांनी जाता जाता पाचशेहून अधिक संस्थानिकांच्या पायांतल्या बेड्या काढल्या आणि त्यांना दोन्ही शेजाऱ्यांच्या दारात मोकळे सोडले. मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये फर्मान काढून जाहीर केले, की ब्रिटिश अधिसत्ता संपताच आपण स्वतंत्र सार्वभौम राजे होऊ. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, १ कोटी ६० लाखांवर प्रजा, स्वतःचे सैन्य, स्वतःचे टपाल, स्वतःची रेल्वे आणि स्वतःचे नाणे. जुन्या पिढीतील धाराशिवकरांना ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द चांगले आठवत असत. बार्शीच्या बाजारात जायचे तर हाली रुपये मोडून कलदार घ्यावे लागत, १०० कलदारासाठी सुमारे ११६ हाली मोजावे लागत. वाटेत करोडगिरीचा नाका लागे. बार्शीची छोटी रेल्वे येडशी-ढोकीमार्गे लातूरला येताना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिरत असे. सामान्य शेतकऱ्याला विचारले असते, तर ‘सरहद्द’ म्हणजे काय हे त्याने कोणत्याही प्राध्यापकापेक्षा नेमके सांगितले असते.

मग माँटेव्हिडिओ कराराने सांगितलेली राज्याची चार लक्षणे, म्हणजे स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता, हैदराबादला लागू पडत नव्हती काय? निजामाच्या कायदेपंडितांनी हाच युक्तिवाद केला. अमेरिकेतील क्लाइड ईगलटन यांच्यासारख्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकाने १९५० साली हैदराबादची बाजू मांडणारा प्रदीर्घ लेख लिहिला. त्याची टर उडवण्यात अर्थ नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे. आणि ते उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

गहाण पडलेले धाराशिव

भूम-परंड्याच्या पलीकडे खर्डा आहे. तेथे मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाचा निर्णायक पराभव केला. पुण्याच्या झेंड्याखाली सारे मराठे सरदार एकवटण्याचा तो शेवटचा प्रसंग. या लढाईत इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला, आणि निजामाच्या ध्यानात आले की मैत्रीची आश्वासने वेगळी व संरक्षणाची हमी वेगळी. सत्तासंतुलनाच्या भाषेत सांगायचे, तर दुर्बळ राज्यापुढे दोन मार्ग असतात: बलिष्ठाविरुद्ध इतरांना जोडणे किंवा एखाद्या बलिष्ठाच्या पंखाखाली शिरणे. निजामाने दुसरा मार्ग निवडला. १७९८ मध्ये त्याने तैनाती फौजेचा तह केला. फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची स्वतःची पलटण मोडली आणि इंग्रजांची फौज पदरी घेतली. कौटिल्याने षाड्गुण्यात ‘संश्रय’ सांगितला आहे तो हाच. मात्र संश्रय हा संकटातला तात्पुरता उपाय आहे, कायमचे वास्तव्य नव्हे, हा त्यातला इशारा निजामाच्या वारसांनी कधीच मनावर घेतला नाही.

परिणाम काय झाला? फौजेचा खर्च थकत गेला. १८५३ साली डलहौसीने त्या थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे प्रदेश कंपनीच्या ताब्यात घेतले. सावकाराने कुळाचे शेत लिहून घ्यावे तसा प्रकार! नळदुर्गला कंपनीचा अधिकारी म्हणून आला तो मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात निजामाच्या दरबाराने इंग्रजांना साहाय्य केले. त्याची बक्षिसी म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. पुढे उस्मान अली खान यांनी वऱ्हाडची मागणी पुन्हा उकरून काढली, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ मध्ये त्यांना पत्र लिहून सुनावले, की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा हक्क सांगता येणार नाही.

ज्या राज्याचा एक जिल्हा कर्जापोटी गहाण पडतो आणि चाकरीच्या मोबदल्यात परत मिळतो, ज्याच्या राजधानीलगत सिकंदराबादला परकी छावणी पिढ्यान्‌पिढ्या असते, ज्याला दीडशे वर्षांत एकही स्वतंत्र परराष्ट्र करार करता आलेला नाही, त्याचे सार्वभौमत्व १५ ऑगस्ट १९४७ रोजी ‘परत’ आले असे म्हणण्यात कोणता अर्थ होता? जे परत यायचे ते आधी असावे लागते. दिल्लीत येऊन वकिली करणाऱ्या सर वॉल्टर माँक्टन यांच्यासारख्या नामांकित ब्रिटिश कायदेपंडितालाही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही.

परंतु कायद्याचा हा कीस काढण्यापेक्षा आपल्या परंपरेतला निकष अधिक उपयुक्त ठरतो. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. माँटेव्हिडिओच्या चार लक्षणांपेक्षा ही यादी कितीतरी सूक्ष्म आहे. हैदराबादला ही कसोटी लावून पाहावी. स्वामी होता आणि जगातील अतिश्रीमंतांत त्याची गणना होत होती. अमात्य होते, कोश होता, नळदुर्ग-परंडा-औशासारखे दुर्ग होते, दंडही होता. नव्हते ते जनपद आणि मित्र. जनपद म्हणजे केवळ डोकी मोजून होणारी लोकसंख्या नव्हे. जो भूप्रदेश आणि त्यावरचे जे लोक राज्याला आपले मानतात, ते जनपद. सुमारे ८५ टक्के प्रजा हिंदू. भाषा मराठी, तेलुगू आणि कन्नड. पण राज्यकारभार आणि विद्यापीठ उर्दूचे. १९३८-३९ मध्ये आर्य समाज आणि हिंदू महासभेला केवळ धर्माचरणाच्या आणि नागरी हक्कांच्या मागणीसाठी सत्याग्रह करावा लागला, देशभरातून सत्याग्रहींच्या तुकड्या येऊन तुरुंगात गेल्या. उमरग्याजवळच्या गुंजोटीचे हुतात्मा वेदप्रकाश यांचे नाव त्या पर्वाशी कायमचे जोडलेले आहे. पुढे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा उभारला. ज्या राज्यातील जनपद राज्याच्याच विरोधात उभे राहते, त्याला स्वयंनिर्णयाचा हक्क मागण्याचा अधिकार कोणाच्या नावाने पोहोचतो? राजाच्या की प्रजेच्या? निजामाच्या राजकारणाची मूळ विसंगती येथे होती.

आणि मित्र? इंग्रज निघून गेले होते. पाकिस्तान सातआठशे मैल दूर होते आणि मध्ये समुद्रही नव्हता, भारत होता. हैदराबादला किनारा नसल्यामुळे पोर्तुगिजांकडून मुरगाव बंदर मिळवता येईल काय, याचीही चाचपणी झाली. एका परकीयाचे बंदर, दुसऱ्या परकीयाची शस्त्रे आणि तिसऱ्या परकीयाची वकिली, अशा तीन टेकूंवर उभे राहणारे स्वातंत्र्य किती दिवस टिकले असते?

जैसे थे!

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्यापूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस वाटाघाटींसाठी दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाच्या सदस्यांची घरे इत्तेहादच्या जमावाने रात्री घेरली होती आणि निजामाला आपलेच शिष्टमंडळ बदलावे लागले होते. राजा सार्वभौम होता म्हणतात, पण त्याच्याच राजधानीत त्याचा शब्द चालत नव्हता. तो चालत होता कासीम रझवीचा. हा रझवी लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलाच तालुका होता. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. म्हणजे साऱ्या संस्थानाला वेठीला धरणारा माणूस याच जिल्ह्यातल्या कचेरीत वकिली करून पुढे गेलेला होता. जागतिक राजकारणाचे धागे कोठून कोठे जातात पाहा!

करारानुसार परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण पूर्वीप्रमाणेच चालायचे होते. कन्हैयालाल मुन्शी भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादला गेले. भारतीय सैन्य सिकंदराबादहून माघारी आले. निजाम सरकारने मात्र पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले, तेही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात. भारतीय चलनाला संस्थानात मज्जाव करणारा वटहुकूम काढला. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमाने कराचीहून रात्रीबेरात्री शस्त्रे घेऊन बीदर आणि वरंगळला उतरू लागली. ज्या पक्षाला करार हा केवळ तयारीसाठीचा अवधी वाटतो, त्याच्याशी केलेला ‘जैसे थे’ करार हा कधीच ‘जैसे थे’ नसतो. अर्थात भारताची बाजूही निष्क्रिय नव्हती. आर्थिक नाकेबंदीची तक्रार निजाम सतत करीत होता. सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत स्टेट काँग्रेसची शिबिरे होती आणि तेथून तरुण निजामी नाक्यांवर चालून जात. ती आपली मुले होती आणि त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण सुरक्षा परिषदेत निजामाचा वकील याच शिबिरांकडे बोट दाखवील, याची दिल्लीला पुरेपूर जाणीव होती.

जुलै १९४८ मध्ये ठिणगी पडली. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे नान्नज हे गाव म्हणजे भारताच्या हद्दीने वेढलेले निजामी हद्दीचे बेट होते. तेथे भारतीय जवानांवर हल्ला झाला आणि मग आपल्या सैन्याने ते गाव ताब्यात घेतले. तोवर माउंटबॅटन यांचा जूनमधला अखेरचा तोडगाही निजामाने फेटाळला होता. त्यात जनतेचा कौल घेण्याची आणि जबाबदार राज्यपद्धतीची तरतूद होती. स्वयंनिर्णयाचा जप करणाऱ्याने प्रत्यक्ष कौल घेण्याची वेळ आली तेव्हा पाठ फिरवली.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाकडे तार केली. सनदेच्या ३५ व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमान्वये, राष्ट्रसंघाचे सदस्य नसलेले ‘राज्य’ म्हणून त्याने भारताविरुद्ध तक्रार नोंदवली. ऑगस्टच्या त्याच आठवड्यात हैदराबादेत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची रझाकारांनी भररस्त्यात हत्या केली. संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे लिहिण्याचा अपराध त्यांनी केला होता. रझाकारी ही मुसलमान समाजाची इच्छा होती असे सरसकट म्हणणाऱ्यांनी, आणि रझाकार म्हणजे हैदराबादच्या स्वातंत्र्याचे सैनिक असे भासवणाऱ्यांनीही, हे नाव विसरू नये.

दोन फायली

हैदराबादच्या तारेचे महत्त्व कळायचे असेल, तर त्याच परिषदेपुढील दुसरी फाइल पाहावी लागते. १ जानेवारी १९४८ रोजी भारताने स्वतःहून काश्मीरचा प्रश्न सुरक्षा परिषदेकडे नेला होता. आक्रमण झाले होते, संस्थान रीतसर सामील झाले होते, सैन्य पुढे सरकत होते. अशा वेळी फिर्यादी होऊन आपण लंडन-वॉशिंग्टनच्या पंचांपुढे उभे राहिलो. तीन आठवड्यांतच परिषदेने प्रश्नाचे नाव ‘जम्मू-काश्मीर प्रश्न’ऐवजी ‘भारत-पाकिस्तान प्रश्न’ असे केले. केवळ शीर्षक बदलले, आणि आक्रमक व आक्रांत एका पंक्तीला बसले. पंचायतीत फिर्यादीलाच आरोपीच्या शेजारी बसवावे, तसा तो न्याय. १ जानेवारी १९४९ ला शस्त्रसंधी झाली ती मीरपूर, मुझफ्फराबाद, गिलगिट पलीकडे ठेवून.

सरदार पटेलांनी हैदराबादच्या बाबतीत ही चूक होऊ दिली नाही. त्यांची भूमिका साधी होती: हा भारताच्या घरातला प्रश्न आहे. राष्ट्रसंघाच्या सनदेचे दुसरे कलम, सातवे उपकलम, एखाद्या राज्याच्या अंतर्गत अधिकारक्षेत्रात हस्तक्षेप करण्यास राष्ट्रसंघाला मनाई करते. कलम उपयोगाचे खरे. पण परिषदेत बहुमत ज्यांचे, ते घर कोणाचे आणि अंगण कोणाचे हे आपल्या सोयीने ठरवतात. म्हणून पटेलांचा खरा भरवसा कलमावर नव्हता, घड्याळावर होता.

येथे एक अडचणीचा मुद्दा टाळून चालणार नाही. कारवाईला भारताने ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटले. युद्ध दोन राज्यांत होते; पोलीस कारवाई राज्य स्वतःच्या हद्दीत करते. शब्दातच दावा सामावलेला होता. परंतु अवघ्या वर्षभरापूर्वी, जुलै १९४७ मध्ये, डचांनी इंडोनेशियात सैन्य घातले तेव्हा त्यांनीही ‘पोलीस कारवाई’ हाच शब्द वापरला होता आणि याच अंतर्गत अधिकारक्षेत्राचा आधार घेतला होता. तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेणाऱ्या दोन देशांपैकी एक होता भारत! १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या छळाचा प्रश्न आपण राष्ट्रसंघात नेला, तेव्हाही आफ्रिकन सरकारने हेच कलम पुढे केले होते आणि आपण ते अमान्य केले होते. मग भारत दुटप्पी होता काय?

तसे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना दिलेले उत्तर पुन्हा जनपदापाशीच येते. डच हजारो मैलांवरून आलेले होते आणि ज्या लोकांवर त्यांची ‘पोलीस कारवाई’ चालली होती, ते लोक त्यांना हुसकावून लावू पाहत होते. हैदराबादेत लोकांनाच ते सैन्य हवे होते. शब्द दोन्हीकडे एक. पण उमरग्याच्या आणि तुळजापूरच्या रस्त्यावर रणगाड्यांना ओवाळायला बाया आरत्या घेऊन उभ्या राहतात की नाही, यावर त्या शब्दाचा अर्थ ठरतो. आंतरराष्ट्रीय राजकारणातील कोणतीही संज्ञा हवेत तरंगत नसते, हे यावरून ध्यानात यावे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवरील आक्रमणाला ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हटले. पाश्चात्त्यांनी २००८ मध्ये कोसोव्होला मान्यता देताना हा अपवाद आहे असे बजावले, आणि त्याच वर्षी रशियाने अबखाझिया व दक्षिण ओसेशियाला मान्यता देऊन त्या अपवादाची परतफेड केली. भारताने कोसोव्होला मान्यता दिली नाही. सुरक्षा परिषदेत काश्मीरची फाइल ज्याने वागवली आहे, तो देश असे अपवाद करायला धजावत नाही.

तीन दिवसांचे अंतर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून सैन्य निघाले. दक्षिण कमानचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी. पावसाळा सरलेला नव्हता. नळदुर्गला फर्स्ट हैदराबाद इन्फन्ट्रीची तुकडी होती. बोरी नदीवरचा पूल उडवला गेला असता, तर रणगाडे आणि मालमोटारी नदीकाठी खोळंबल्या असत्या. सातव्या ब्रिगेडने वेग आणि अनपेक्षितपणा यांच्या बळावर पूल शाबूत हाती घेतला. सेकंड शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चांवर चाल केली. सकाळी नऊला चिलखती दल जळकोटला पोहोचले आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्याला. दुसऱ्या तुकडीने पहाटेच तुळजापूर गाठले. तेथे निजामी फौजेचे शिपाई आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले व शरण आले. लोहाऱ्याकडची वाट मात्र फुगलेल्या नदीने अडवली. एक पूल हाती आला म्हणून एक मार्ग खुला झाला, आणि एका नदीला पूर आला म्हणून दुसरा मार्ग रोखला गेला. मोहिमेचे वेळापत्रक किती नाजूक होते, ते यावरून दिसते.

१६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद भरली. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन होते. भारताच्या वतीने सर रामस्वामी मुदलियार यांनी आक्षेप घेतला, की हैदराबाद हे राज्यच नाही, तेव्हा त्याला फिर्याद करण्याचा अधिकार नाही. तरीही ८ मतांनी विषय कार्यसूचीवर आला. रशिया, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. विरोधात एकही मत पडले नाही, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. म्हणजे सभागृहातले वारे आपल्या बाजूने मुळीच नव्हते. पण तोवर चौधुरींचे सैन्य बीदरच्या वाटेवर होते. १७ सप्टेंबरला सायंकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, १८ ला त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी शरणागती पत्करली आणि २२ ला निजामाने स्वतः राष्ट्रसंघाला तार करून तक्रार मागे घेतली. २८ सप्टेंबरला आणि नंतर मे १९४९ मध्ये परिषदेने या विषयावर पुन्हा चर्चा केली, ठराव एकही केला नाही. फाइल मात्र रीतसर निकालात न काढता कित्येक दशके परिषदेच्या यादीत तशीच ठेवली गेली. पुलाचा प्रश्न एका सकाळी सुटला. सभागृहाचा कागद पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिला.

या विजयाची एक दुसरी बाजू आहे आणि ती धाराशिव जिल्ह्याने जवळून पाहिली आहे. राज्य म्हणजे बळाच्या वापराचा एकमेव अधिकृत धनी, असे समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने म्हटले. जुने राज्य कोसळले आणि नव्याचे ठाणे अजून गावोगाव बसलेले नाही, अशा काही दिवसांत हा धनीच नसतो. रझाकारांच्या जुलमाने होरपळलेल्या गावांत तेव्हा सूडाची आग भडकली आणि तिच्यात असे अनेक मुसलमान शेतकरी व कारागीर सापडले, ज्यांनी रझाकारांचा गणवेश कधी घातलाही नव्हता. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस पाहणी केली. तिने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. पटेलांनी हा अहवाल मानला नाही. आकड्यांबाबत मतभेद आहेत. तरीही घटना घडल्याच नाहीत असे म्हणणे हा भ्याडपणा ठरेल, आणि ज्या विचाराने प्रजा ही राज्याचे अंग मानली त्याच्याशी तर ते मुळीच सुसंगत नाही. दंड हा स्वामीच्या हातीच असला पाहिजे. तो जमावाच्या हाती गेला की राज्य उरत नाही. रझाकारांचा मूळ अपराध तोच होता.

२०२३ मध्ये जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे परत मिळाले. त्याच्या आधी चार वर्षे हैदराबाद प्रकरणाचा आणखी एक धागा सुटला, आणि त्याची बातमी आपल्याकडे चार ओळींत आटोपली. २० सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे निजामी फौजेच्या शरणागतीनंतर दोन दिवसांनी, हैदराबादच्या नावे लंडनच्या बँकेत असलेले १० लाखांहून अधिक पौंड पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यावर वळवण्यात आले. निजामाने ते परत मागितले. १९५७ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने पाकिस्तान हे सार्वभौम राज्य असल्याने त्याच्या संमतीवाचून त्याच्यावर खटला चालवता येत नाही असा निर्णय दिला. ‘सार्वभौम प्रतिरक्षा’ या संकल्पनेचा तो धडाच होता. पैसे गोठले आणि व्याजासह वाढत राहिले. २०१३ मध्ये पाकिस्तानने त्या रकमेसाठी स्वतःच न्यायालयाची पायरी चढली, तेव्हा ते कवच आपोआप गळून पडले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने सुमारे ३ कोटी ५० लाख पौंडांची ती रक्कम निजामाचे वारस आणि भारत यांची असल्याचा निकाल दिला. ती रक्कम आपली कशी, हे सांगताना पाकिस्तानने न्यायालयात केलेला एक युक्तिवाद असा होता, की १९४८ मध्ये हैदराबादला पुरवलेल्या शस्त्रांचा तो मोबदला होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. पण कराचीहून बीदर आणि वरंगळला रात्री उतरणाऱ्या विमानांत काय होते, हे सत्तर वर्षांनी पाकिस्ताननेच लंडनच्या न्यायालयात मांडून ठेवले आहे.